मिसेस श्रीवास्तवांचं भाषण

त्र्याण्णव साली लखनौला, चारबाग स्टेशनवर रिझर्वेशनच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मराठीत बोलत होत्या. धाकटी हजरतगंजमधल्या एका क्लासात इंग्रजीतून भाषण करायला शिकवायची. थोरली तिची वहिनी.

"सुनीती, क्लास सोडलास म्हणे?"

"सोडला नाही, काढलं मला. समारंभात मिसेस श्रीवास्तव स्टेजवर बोलल्या, त्यावरून."

"तुझ्याकडे शिकायच्या त्या चाळिशीच्या बाई?"

"हो. क्लासच्या सरांनी त्यांना सरांच्याच कौतुकाचं भाषण पाठ करायला दिलं होतं. मी म्हटलं, तुम्ही तुमचं स्वतःचं बोला."

"मग चुकल्या असतील."

"चुकल्या ना. लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने त्यांचा नवराच हसला."

"अरे देवा. उतरल्या का खाली?"

"छे. माईक धरून म्हणाल्या, 'आय फिनिश फर्स्ट. यू लाफ आफ्टर.' आणि शेवटपर्यंत बोलल्या. नंतर कोणी हसलं नाही."

"आणि सर?"

"म्हणाले, क्लासची इज्जत गेली. बाईंना माफी मागायला लावा, नाहीतर तुम्ही जा."

"मागितली असती माफी, तर काय बिघडलं असतं?"

"चुकलेल्या इंग्रजीची माफी मागायला मी शिकवत नाही, वहिनी. आता महानगर कॉलनीत आमच्याच व्हरांड्यात शिकवते. सगळ्यांत आधी त्याच आल्या."

"नवऱ्याने येऊ दिलं?"

"तोच स्कूटरवरून सोडतो आणि फाटकाबाहेर थांबतो. परवा म्हणाला, मीही आत बसून ऐकू का?"

"मग?"

"बाई म्हणाल्या, अभी नहीं."