खरादीला बांधलेली दोरी

तुमी हसाल, पण आमच्या पडवीतल्या खरादीकडं पाठ करून मी अजून बसत न्हाई.

कापसातली सरकी काढायच्या जिनाची दुरुस्ती घरीच करता यावी म्हणून यांनी जिंतूरहून बैलगाडीत ती आणली. लोखंड कातायची, पायानं फळी दाबून फिरवायची, लय जुनी. विकणारी म्हातारी म्हणाली, "आमचे मालक फळीला पाळण्याची दोरी बांधायचे. काम बी व्हायचं, लेकरू बी झोपायचं."

मी बी आमच्या तान्ह्या सोनीच्या पाळण्याला तसंच केलं.

एक दिवस दुपारी मी भाकरी थापायले होते. पडवीत फळीची खटखट, पाळण्याची करकर.

"अहो, झोपली का सोनी?"

"हं."

तेवढ्यात हे परसदारातून पाण्याची घागर घेऊन आत आले. "कुणाशी बोलायलीस?"

मी पडवीत पळाले. खरादीजवळ कुणीच न्हाई. चाक सावकाश थांबायलं होतं आन् सोनी गाढ झोपलेली.

दुसऱ्या दिवशी सोनीला पोटाशी घेऊन जिंतूर गाठलं. "काकी, तुमची खराद परत घ्या!"

"लेकरू रडलं का?"

"न्हाई."

"मग भ्यायचं कशाला, माय? आमचं लेकरू पाळण्यातच गेलं. मागून मालक गेले, पण झोके द्यायचं सोडीनात. रिकामा पाळणा हालताना मला बघवंना, म्हणून विकली."

घरी येऊन मी आधी दोरी सोडली. सोनी दिवेलागणीपर्यंत रडली. कुणालाच ऐकंना.

शेवटी मीच परत बांधली.