आठ हजार एकशे ब्याण्णव

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "जयराम, जागा कशी काय पुरत नाही?" म्हणजे काय, मी खाल्ली जागा? डब्यात भरून घरी नेली? अहो, त्या चिपमध्ये आठ हजार एकशे ब्याण्णव बाइट मावतात, बाइट म्हणजे एक अक्षर समजा, आठ हजार एकशे ब्याण्णव, त्र्याण्णव नाही! त्र्याण्णवावं अक्षर घालायला जाल तर ते बाहेर उभं राहतं आणि मशीन चालूच होत नाही, पडदा आपला काळाठिक्कर! आता यात माझा काय दोष? चिप काय मी घडवली?

तुम्हाला सांगतो, सत्त्याऐंशी सालची गोष्ट. सातपूरला पत्र्याची एक शेड, ती आमची कंपनी. मालक खंडेरावसाहेब, आम्ही नऊ जण, आणि त्यात कॉम्प्युटर कळणारा मी एकटा, तोही लायब्ररीतल्या एका पुस्तकावर, ज्याची पहिली चाळीस पानं गायब होती. तर साहेबांनी पिंपळगाव बसवंतच्या सावळीराम अण्णांना शब्द देऊन टाकलेला. अण्णांनी द्राक्षं ठेवायला कोल्ड स्टोरेज बांधलं होतं, त्यात गावच्या पंचवीस शेतकऱ्यांचा माल यायचा होता, आणि साहेब म्हणाले, "अण्णा, थंडी सांभाळायला माणूसच नको! आमचं मशीन सांभाळेल. पाडव्याला उद्घाटन!" मला कधी विचारलं? छे! शब्द दिल्यावर विचारलं.

आता या मशीनच्या पोटात काय असतं बघा. घरात एक बाई सगळ्यांच्या आधी उठते, चूल पेटवते, मग एकेकाला हलवून उठवते, तू पाणी भर, तू दळण आण... तसा एक प्रोग्राम असतो. वीज आली की तो आधी उठतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. पुस्तकात त्याला कर्नेल म्हटलंय, आम्ही आपलं गाभा म्हणायचो. हा गाभा पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञांनी लिहिला, चहा प्यायले, निघून गेले. मी मोजला. नऊ हजार चारशे साठ! आणि चिप केवढी? आठ हजार एकशे ब्याण्णव. मोठी चिप घ्या म्हणाल? बसवणार कुठे! साहेबांनी आठच्याच चिपच्या शंभर पाट्या, म्हणजे चिप खोचायच्या सर्किटच्या पट्ट्या, आधीच छापून ठेवलेल्या. पाहुणे किती ते कळायच्या आधी मांडव घालून मोकळे!

बरं, एवढा फुगला कशानं? मी एकेक ओळ वाचत गेलो, तर आत काय? नावं! होय, माणसांची नावं! आपल्याकडे काय, वाटी दिली की वाटीवर नाव, तांब्या दिला की तांब्यावर नाव, वाटी केवढी आणि नाव केवढं, 'चि. सौ. कां.' घातलं की आमटीला जागा नाही! तेच इथं. मशीन चालू झालं की पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत आधी कैलासवासी वडिलांचे आशीर्वाद, मग खंडेरावसाहेब, मग वहिनीसाहेब, दोन्ही धाकटे भाऊ, मग साडू... साडू का? तर शेड साडूची! मग फोरमन भिकन, का, तर तो रुसला होता. प्रत्येकाचं स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, आणि खाली 'आपले नम्र' ही ओळ वेगळी. सहाशे तीन बाइट! थंडीचा अजून पत्ता नाही आणि आहेराची यादी चाललीय! मी कोणाला हसतोय म्हणा, आमच्या कॉलनीत जयंतीच्या वर्गणीची पावती फाडतात, त्यावर कमिटीचीच नावं एवढी की देणाऱ्याचं नाव मागे लिहावं लागतं.

गेलो साहेबांकडे. म्हटलं, साहेब, नावं काढू या. साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं. "जयराम, वडिलांचं नाव काढायचं? वडिलांचं? तू दुसरं काहीतरी काढ की! हे बघ, हे काय आहे, एवढं लांबलचक?"

म्हटलं, साहेब, लाइट जाऊन आली की मशीननं आपलं आपण उठायचं, आधीची थंडी आठवायची आणि कॉम्प्रेसर परत सुरू करायचा, तो भाग आहे.

"हां, मग तेच काढ. लाइट आली की झिपरू दाबेल बटण."

झिपरूकाका म्हणजे तिथले वॉचमन. वय पासष्ट. भला माणूस, पण बसल्या बसल्या असा डोळा लागतो की टेंपो अंगावरून गेला तरी कळायचं नाही! आणि पिंपळगावची लाइट दिवसातून चारदा जाणार. म्हणजे पंचवीस घरांचं वर्षाचं द्राक्ष कोणाच्या भरवशावर? झिपरूकाकांच्या पापणीच्या! तुम्हीच सांगा, हे काढायचं? तिथंच म्हटलं, साहेब, हे मी काढणार नाही. बसवायचं तर हे ठेवून बसवीन, नाहीतर माझा राजीनामा घ्या.

"राजीनामा पाडव्यानंतर दे," साहेब म्हणाले. "आधी बसव."

रविवारी सगळा कागद घरी आणला. घर म्हणजे दोन खोल्या, माणसं सात. कागद पसरला तो दारापासून मोरीपर्यंत. आणि आई, विमलाबाई, तांदूळ निवडायला सूप घेऊन आली तर तिला टेकायला जागा नाही! "काय रे हे? किती दिवस पसरणार आहेस?" म्हटलं, आई, बसत नाही गं. आठ हजार एकशे ब्याण्णवच्या वर एक अक्षर जात नाही. ती कागदावरच बसली. म्हणाली, "हे सारखं सारखं तेच काय लिहिलंय? इथं पण तेच, तिथं पण तेच?"

माझी आई चौथी शिकलेली. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. पण सारखं दिसलेलं तिला दिसलं, आणि पुण्याच्या तज्ज्ञांना नाही दिसलं! बघतो तर काय, 'जरा थांब' हा एवढासा भाग, पंख्यानं आपला वेगळा लिहिलेला, कॉम्प्रेसरनं आपला वेगळा, पडद्यानं वेगळा, असा सात ठिकाणी! आई म्हणाली, "चाळीत काय दर खोलीला वेगळा नळ असतो होय? एकच असतो. ज्याला पाणी पाहिजे त्यानं बादली घेऊन यायचं, भरायचं आणि आपल्या खोलीत परत जायचं." अहो, पुस्तकात हेच लिहिलं होतं! गायब चाळीस पानांत असणार!

मग सुटलो मी. सातांचा एक नळ केला. चुका सांगणारी लांब लांब वाक्यं होती, 'कृपया दार नीट लावण्याची तसदी घ्यावी' असली, तिथं नुसते आकडे घातले. दारासाठी दोन, पंख्यासाठी तीन. सहाशे सत्तावन्न वाचले! आठ हजार आठशे तीन राहिले. तरी बसेना. मग... मग मी नावं काढली. हो, काढली! वडील काढले, वहिनी काढल्या, साडू काढला, 'आपले नम्र' तर आधी काढलं. कोणाच्या बापाला भितो काय? सहाशे तीन गेले. राहिले किती? आठ हजार दोनशे.

आठ जास्त! फक्त आठ! अहो, नऊ हजार चारशे साठवरून उतरत उतरत मी दारात येऊन उभा, आणि उंबऱ्यात आठ अक्षरं आडवी! तीन दिवस शोधलं. सुईनं काढावं तसं काढून बघितलं. नाही म्हणजे नाही.

आता तुमच्यापाशी काय लपवायचं... मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आठ अक्षरं कुठायत. साहेबांनी तज्ज्ञांना सगळ्यांची नावं घालायला लावली ना, तेव्हा मीही गुपचूप एक घातलं होतं. पडद्यावर यायचं नाही, कोणाला दिसायचं नाही, नुसतं आत, तळाशी. व्ही आय एम एल ए बी ए आय. मोजा. आठ! इतका वेळ साडूवर तोंडसुख घेत होतो आणि माझीच आई पाट टाकून आत बसलेली!

सांगितलं तिला. वाईट वाटलं हो सांगताना. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मग खोड की. रेशनकार्डावर आहे ना माझं नाव? तिथं असलं म्हणजे झालं. त्या पेटीत काय करायचंय मला? लोकांची द्राक्षं वाचव." खोडलं. आठ हजार एकशे ब्याण्णव. बरोबर! एक कमी नाही, एक जास्त नाही!

झालं? कुठलं! प्रोग्राम चिपमध्ये भरायचा तर आधी भरून बघितलेला, अर्धवट बसलेला, पुसावा लागतो. चिपच्या पाठीवर काचेची एवढीशी खिडकी असते, त्यातून खास दिव्याचा उजेड पाडला की वीस मिनिटांत आतलं पुसलं जातं. तो दिवा फुटलेला, नवा मुंबईहून यायचा. पण कडक उन्हानंही पुसतं, आठवडाभर ठेवलं तर, हे मला ठाऊक होतं. म्हणून छाटणी चालू होती तेव्हाच तीन चिपा गच्चीवर ठेवल्या होत्या, आईच्या कुरडयांशेजारी, खिडकी वर करून. आठवड्यानं आणतो तर दोन चिपा जशाच्या तशा, वडिलांच्या आशीर्वादासकट! म्हटलं, असं कसं? आई म्हणते, "मी रोज दुपारी कुरडयांबरोबर त्यापण उलटल्या की! एका बाजूनंच वाळतील ना! एक तेवढी राहिली, भांड्यापलीकडे उन्हात होती ती."

ती राहिली म्हणून वाचलो! म्हणजे तीनातली एक चिप कोरी. एकच. ती भरली.

शनिवारी साहेबांना सांगितलं, बसवलं साहेब, लाइट जाऊन आली तरी आपोआप उठतंय. साहेब खूश. मग म्हणाले, "आणि नावं?" म्हटलं, नाहीत. असा आवाज चढला की भिकन पळत आला! "परत घाल! आत्ताच्या आत्ता घाल! साडूला पाडव्याला बोलावलंय मी!" म्हटलं, घालतो की. ही चिप घ्या, गच्चीवर ठेवा, आठवडाभर ऊन दाखवा. पाडवा परवा आहे. नाहीतर ती उठायची ओळ काढून टाका आणि अण्णांना सांगा, तुमचं द्राक्ष झिपरूकाका जागे असतील तोवर टिकेल! असं तोंडावर बोललो, तुम्हाला सांगतो, नऊ माणसांच्या देखत! साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून कुणाशी तरी फोनवर बोलत बसले.

पाडव्याला पिंपळगावात मांडव, स्पीकर, मशीनला एवढा हार घातलेला की पडदा दिसेना. साडू पुढच्या खुर्चीत, सफारी घालून. नारळ फुटला, बटण दाबलं, हार बाजूला केला, आणि पडद्यावर दोनच अक्षरं. ओ के. साडू म्हणतो, "एवढंच?" साहेबांचा चेहरा... नको, ते राहू द्या. आणि तेवढ्यात लाइट गेली! स्पीकर गप्प, पंखे गप्प, कॉम्प्रेसर गप्प. कोणीतरी ओरडलं, "झिपरू! ओ झिपरू!" काका मांडवाच्या खांबाला टेकून गाढ! मी नुसता उभा. दहा मिनिटांनी लाइट आली, आणि कोणी हात लावला नाही हो, कोणी नाही, पडदा हिरवा झाला, ओ के, आणि आत कॉम्प्रेसर घरघरायला लागला.

सावळीराम अण्णा उठले. पडद्याजवळ गेले. म्हणाले, "खंडेराव, हे लय ब्येस केलं बगा. कुनी उठवलं नाय, आपलं आपलं उठलं. माज्या द्राक्षाला काय नावं वाचाय येत्यात व्हय? त्याला थंडी पायजे, थंडी!" टाळ्या पडल्या. साडूनंही वाजवल्या. त्या क्षणाला मी कोणालाच ऐकणार नव्हतो, प्रत्यक्ष पुण्याच्या तज्ज्ञांनासुद्धा नाही!

परत येताना साहेबांनी गाडीत मला पुढे बसवलं. खांद्यावर हात ठेवला. "जयराम, सगळे म्हणत होते बसणार नाही. बसवलंस!" म्हटलं, हो साहेब. "नऊचं आठात बसवलंस!" म्हटलं, हो साहेब. फुगलो होतो मी, खोटं कशाला बोलू. साहेब म्हणाले, "मग चारात पण बसेल. चारची चिप बाजारात कुठंही मिळते. शनिवारीच फोन करून चारच्या दोनशे पाट्या छापायला टाकल्या मी. आणि हे बघ, या वेळी नावं मात्र बसव. अण्णांचं पण घाल, त्यांना बरं वाटेल."

चार हजार शहाण्णव हो! सत्त्याण्णव नाही! ...काय करता, बसतंय असं मीच तर दाखवलं ना? लागलो बसवायला.