सूनबाईंचा नो ट्रम्प

—नाही, आता बोलू नका सेक्रेटरीसाहेब, तोंड मिटलंत तर ड्रिल जिभेवर जाईल आणि मग ब्रिज क्लबाच्या मीटिंगा कोण रंगवणार! आ करा. अजून. हां. तुम्ही काय विचारत होतात ते कळलं मला— बुधवारी इस्पिकाचा बारा हातांचा स्लॅम लख्ख समोर दिसत असताना मी बिनहुकमाचा डाव, सहा नो ट्रम्प, का बोलले, हेच ना? सगळा क्लब तेच विचारतोय. परवा औषधाच्या दुकानात एकजण विचारत होता— त्याचे पुढचे दात मी बसवलेत, आणि तेच विचकून मला हसतो!

दुखलं? नाही दुखलं, नुसता आवाज ऐकू येतोय तुम्हाला. तर कारण अगदी साधं आहे. जोड्यांच्या स्पर्धेत तेरापैकी बारा हात इस्पिक हुकूम ठेवून केले काय आणि बिनहुकमाचे केले काय— बिनहुकमाचे दहा गुण जास्त. दहाच, पण तेवढ्यावर माणूस पहिला येतो. शिवाय हुकूमच नसला की कुणी टिकोजीराव आपला एक्का दुर्रीने मारून नेत नाही. चोख कारण आहे, पुस्तकात छापलेलं. आता बुधवारी अकराच हात झाले, बारावा इस्पिकाने मारूनच मिळायचा होता— ते सोडा. थुंकू नका, नळी आहे.

हो हो, पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे. डॉक्टरबाईंना हात खेळायची हाव! सासऱ्यांनी इस्पिक बोलावं, सुनेने वरून नो ट्रम्प ठोकून डाव स्वतःकडे ओढावा आणि बिचाऱ्या बाबांनी पत्ते उघडे मांडून डमी होऊन गप्प बसावं. बिचारे म्हणे! अहो, हा दवाखाना त्यांचाच. मी लग्न होऊन आले तेव्हा याच्या किल्ल्या द्यायच्या आधी त्यांनी माझ्या हातात पत्ते दिले. म्हणाले, “सूनबाई, तुझ्या नवऱ्याला इस्पिक आणि किल्वर यातला फरक कळत नाही, मला भिडू हवाय.” तेव्हापासून समोरासमोर बसतोय आम्ही. एकेका डावावरून इतकं भांडायचो की सासूबाई आतून ओरडायच्या, “घटस्फोट घ्या एकदाचा!”— सुनेला नि सासऱ्याला! जीभ आत घ्या, मधे येतेय.

हाव असती ना, तर— मान हलवू नका! उन्हाळ्यात एकदा बाबांकडे इस्पिकाचा स्लॅम होता, झोपेत करावा असा. अर्ध्यावर थांबले. पत्त्यांकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, म्हातारबुवा काहीतरी जबरदस्त रचतायत. आणि हळूच विचारतात काय— “सूनबाई, हुकूम कुठला?” स्वतः बोललेला हुकूम! मी डमी, आणि डमीने तोंड उघडायचं नसतं, नाहीतर ओरडून सांगितलं असतं. मग मी आपली मोठ्याने हसले, म्हटलं बाबांची गंमत हो! टेबल हसलं. बाबाही हसले, पण उशिरा हसले, सगळ्यांचं बघून. घरी येऊन मी बाथरूममधे नळ सोडून रडले. आणि ठरवलं, हुकूमच नको. विसरायला काही ठेवायचंच नाही त्यांच्यासमोर. ते इस्पिक बोलतात, मी नो ट्रम्प म्हणते, ते पत्ते मांडतात, कुणाला काही कळत नाही, कुणाला म्हणजे कुणाला—

अरे देवा. बोलले की मी. आणि कोणासमोर, तर रविवारच्या फायनलची नावं लिहिणाऱ्यासमोर! हे बघा, ड्रिल अजून माझ्या हातात आहे. यातलं एक अक्षर जरी दाराबाहेर गेलं ना, तर उरलेल्या दाढा भूल न देता काढीन. बाबांचं नाव गाळायचं नाही. त्या टेबलाशिवाय त्यांच्याजवळ उरलंय काय आता? बुधवारचा शर्ट सोमवारीच काढून खुर्चीवर टाकतात, इस्त्री मोडली की माझ्यावर ओरडतात.

काय? थांबा, कापूस काढते. हं, बोला.

...कोण आलं होतं? बाबा? तुमच्या घरी? एकटे गेले?

...असं म्हणाले? “सून मला सांभाळण्यापायी हातातले स्लॅम घालवतेय, तिला रविवारी दुसरा भिडू द्या.” असंच म्हणाले?

आ करा. सिमेंट भरायचंय. नाही, आता काही बोलू नका, मी सांगते ते ऐका. मला दुसरा भिडू नकोय. रविवारी आम्हा दोघांची नावं लिहा. बाबा इस्पिक बोलले तर मीही इस्पिकच बोलेन, आणि खेळतील ते. अडतील. विचारतील सगळ्यांदेखत, हुकूम कुठला म्हणून. विचारू देत. मी डमी, मला सांगता येणार नाही; समोरच्या जोडीला सांगायला लाज वाटली तर हरू आम्ही. चावा बघू. उंच लागतंय? लागू दे, बसेल दोन दिवसांत. त्या बाजूने काही खाऊ नका. आणि उठा आता. उठा हो, मास्क ओला झालाय माझा, बदलायचाय.