छप्पर की बाई

मी चौथीतच शाळा का सोडली, असं विचारता ना? मग ऐका.

आमचं गाव परंड्याजवळ. शाळेत सरकारी गुरुजी एकच. आम्हा पोरींसाठी म्हणून गावानं स्वतःच्या पैशातून शिकवायला एक बाई नेमल्या होत्या. त्या उन्हाळ्यात वावटळीनं शाळेचं छप्पर उडालं. चावडीत बैठक बसली. सरपंच म्हणाले, "एक तर छप्पर होईल, न्हाईतर बाईंचा पगार. दोन्ही गावाला झेपायचं न्हाय."

लई वाद झाला. गुरुजी विनवत होते, "बाईंना काढू नका. आम्ही झाडाखाली शिकवू." कुणी ऐकेना. शेवटी बाईच उठल्या.

"लेकरं उन्हात बसलेली मला बघवत नाहीत. छप्परच करा," म्हणाल्या.

माझे वडील तेवढे बोलले, "बाई, तुमचं मन लई मोठं."

बाई कुर्डुवाडीच्या गाडीनं निघून गेल्या. छप्पर झालं. नव्या छपराखाली बसायच्या हौसेनं मी पाटी घेऊन निघाले, तर वडिलांनीच दारात अडवलं.

"कुठं निघालीस? आता तिथं बाई हायत का?"