सलाइनचा हात

(दवाखान्यातला वॉर्ड. खाटेवर आजी, शेजारी तिचा म्हातारा नवरा. नर्सचा फोन स्पीकरवर.)

लॅबवाला: सिस्टर, इन्सुलिन टोचलं नाही ना अजून?

नर्स: टोचतच होते. मघाशी तुम्हीच बोंब मारलीत ना, साखर आठशे सत्तर म्हणून? डॉक्टर ऑपरेशनला शिरता शिरता सांगून गेले, लगेच द्या.

लॅबवाला: थांबा! कॉम्प्युटरनं सकाळचा रिपोर्ट शेजारी लावला आणि हा आत्ताचा अडवून ठेवला. म्हणतोय, साखर आभाळाला टेकलीय आणि बाकी सगळं पातळ, मीठसुद्धा. रक्तात बाटलीतलं सलाइन मिसळलं असावं.

नर्स: असावं? त्या डबड्याच्या भरवशावर हात बांधून बसू? आजी सकाळपासून तापलीय, गुंगीत आहे. साखर खरी निघाली तर जाईल ती.

लॅबवाला: आणि खोटी निघाली तर तुमच्या सुईनं जाईल. रक्त कुठल्या हातातून काढलं?

नर्स: मी नव्हते तेव्हा. बाबा, तुम्ही होतात ना? आजीचं रक्त कुठल्या हातातून घेतलं?

म्हातारा: ह्या. बाटली लावलीय त्या. का गं पोरी? काय झालं हिला?

नर्स: अहो, दुसरा मोकळा होता की!

म्हातारा: मोकळा कुठला, मी धरला होता ना. तो रक्तवाला म्हणाला, सोडा. मी खेकसलो त्याच्यावर. ही सुईला भिते, जन्माची भित्री. माझं काही चुकलं का?

लॅबवाला: सिस्टर, बाटली साखरेची?

नर्स: साखरेचीच.

लॅबवाला: मग त्या दुसऱ्या हाताच्या बोटाला टोचा, पट्टीवर बघा. मी फोन ठेवत नाही.

नर्स: सुई ठेवली ट्रेमध्ये. बाबा, हात सोडा तिचा.

म्हातारा: सोडतो. पण घाम फुटलाय गं हिला. बघ, ओला आहे तळवा.

नर्स: तो तुमचा घाम आहे. सोडा म्हणते ना! पुसू द्या... हं. टोचलं.

म्हातारा: किती? बोल की!

नर्स: मोजतंय हो मशीन. गप्प बसा जरा.

लॅबवाला: सिस्टर?

नर्स: एकशे चार.

लॅबवाला: हुश्श! सुटलो बुवा.

म्हातारा: म्हणजे चांगलं का वाईट?

नर्स: चांगलं, बाबा. साखर ठीक आहे तिची. ही गुंगी तापाची.

म्हातारा: आणि ती सुई दिली असतीस तर?

नर्स: बाबा, जरा सरका. मला बसू द्या.