गुलमोहराच्या मोळ्या

नाही साहेब, त्या करवतवाल्याले आधी करवत खाली ठेवायले सांगा — मग बोलतो. मी हळू बोलतो, तेवढ्यात झाड कटून जाईन. ही पडलेली डहाळी पाहा. टोकाले कसा गोल काप हाये, जशी सुतारानं कानस फिरवली. भुंगेऱ्याची बाई करते हे. डहाळीत अंडं घालते अन् खालून गोल कुरतडते — मग डहाळी वाळते, पडते, अन् अळी आतल्या आत लाकूड खात वाढते. आता तिले काय ठाऊक, खाली मोठे साहेब चहा पीत बसले हायेत? पडली तुमच्या कपात. तेवढ्यावर झाड तोडायचा हुकूम — बशीसुद्धा नाही फुटली हो!

नऊ वर्षांचा गुलमोहर हाये. छप्पन साली, आपण मुंबई राज्यात गेलो तेव्हा लावला. दारव्ह्याच्या या बंगल्याचा माळी मी, पण पाणी घातलं माझ्या रुपीबाईनं — विहिरीवरून, डोक्यावर. म्हणे, तुमी झाडाशी बोलत बसा, पाणी मी आणते.

काय म्हणता? पडलेल्या डहाळ्या जाळायच्या? ठाऊक हाये ना! रोज सकाळी वेचतो, एक काडी ठेवत नाही. जाळतो — म्हणजे, जाळतोच. होळीले. आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्याची होळी पहाटेची, तिच्यासाठी रुपी वर्षभर मोळ्या बांधून ठेवे. होळीत सारे किडे खलास. — यंदाच्या होळीले? यंदा... नाही जाळल्या. ती माघातच गेली ना साहेब. मोळ्या तिच्या हातच्या, आपल्या घागऱ्याच्या चिंध्या फाडून बांधलेल्या — एकेकीवर आरशाची टिकली हाये. कशी काडी लावू? ठेवल्या त्या छपरीत, झाडामागं. रोजच्या डहाळ्याही तिथंच रचून राह्यलो.

असे काय पाहता? ...हो, पावसाळ्यात भुंगेरे तिकडूनच उडत होते. मले वाटलं, रामलाल चपराश्याच्या बागेतून येतात — चार महिने त्याच्याशी बोललो नाही मी! म्हणजे... मीच पाळले?

बरं. काडेपेटी द्या. झाड राहीन ना? चिंध्या मात्र आधी सोडून घेतो. तिची गाठ लवकर सुटत नाही, वेळ लागीन. तुमी कायले उभे? जा, चहा घ्या — झाडाखालीच घ्या. कपावर बशी तेवढी ठेवा.