वळणावरच्या लाल टिकल्या

(शाळेचा हॉल. भिंतीवर रस्त्याचा भलामोठा नकाशा, त्यावर लोकांनी चिकटवलेल्या लाल-निळ्या टिकल्या. सूचना द्यायचा आज शेवटचा दिवस. लोक घरी गेलेत, शिपाई खुर्च्या रचतोय.)

शिंपी : ते सगळं राहू द्या बाई, मला एवढंच सांगा, चहा फुकट कशासाठी?

इंजिनिअर : काका, चहा सगळ्यांसाठीच होता.

शिंपी : तेच तर विचारतोय. ऑफिसातला माणूस स्वतःहून चहा पाजायला लागला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. आमच्या दारातलं गटार तुंबलं तेव्हा कुणी फिरकलं नाही. आणि आज एकदम, ‘या, बसा, रस्ता कसा हवा ते सांगा’!

बायको : पण चहा प्यायलातच ना. दोनदा.

शिंपी : दुसऱ्यांदा बघत होतो, आताही तसाच देतात का. तू मध्ये बोलू नकोस गं.

इंजिनिअर : काका, खरंच काही ठरलेलं नाही. म्हणूनच विचारायला आलोय.

शिंपी : ठरलेलं नाही? मग माझ्या दुकानाचा ओटा कुठाय या नकाशात? चष्मा दुकानात राहिलाय माझा, तरी एवढं दिसतंय मला. ओट्याच्या जागी फूटपाथ रंगवून मोकळे झालात! वडिलांनी त्या ओट्यावर मशीन मांडलं, मी मांडलं. वळणावरचा शिंपी म्हटलं की कुणीही बोट दाखवतं.

इंजिनिअर : तो फक्त एक पर्याय आहे. दुसऱ्या नकाशात ओटा आहे तसाच ठेवलाय. काम आधी कुठे करायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे लोकांच्या टिकल्यांवरूनच ठरणार आहे.

शिंपी : मग बघा की! बघा वळणावर. लालेलाल करून टाकलंय. गल्लीतला एकूण एक माणूस आणला मी. इस्त्रीवाला आला, कुलपं दुरुस्त करणारा आला, बेकरीवाला तर पिठाच्या हातांनी आला. दारात उभं राहून एकेकाला बजावलं, लालच लावायची, निळीला हातसुद्धा लावायचा नाही.

इंजिनिअर : दारात तुम्ही होतात होय! मला वाटलं, आमच्याच ऑफिसने कुणी मदतीला पाठवलंय. मी तुमचे आभारही मानले.

शिंपी : मानलेत. तेव्हाच शंका आली मला. म्हणून एक लाल टिकली लावलीच नाही, खिशात ठेवली. पुरावा! उद्या म्हणाल, लाल टिकल्या आम्ही वाटल्याच नव्हत्या.

इंजिनिअर : काका... लाल म्हणजे काय असं सांगितलंत तुम्ही लोकांना?

शिंपी : लाल म्हणजे लाल! नाही म्हणजे नाही! लहान पोराला विचारा.

इंजिनिअर : वरची पाटी वाचलीत का?

शिंपी : मी वाचायला आलो नव्हतो, विरोध करायला आलो होतो.

इंजिनिअर : मी वाचून दाखवते. ‘लाल : इथे धोका वाटतो, काम आधी इथे करा. निळी : इथे आहे ते ठीक आहे, बदल नको.’

शिंपी : काय?

इंजिनिअर : अख्ख्या रस्त्यावर सगळ्यात जास्त लाल टिकल्या तुमच्या वळणावर आहेत. म्हणजे काम तिथूनच सुरू होणार. ओट्यापासून.

शिंपी : पाटी बदललीत तुम्ही! आत्ता बदललीत! मी चहाला गेलो तेव्हा!

बायको : नाही बदलली. सकाळपासून हीच आहे.

शिंपी : तुला काय माहीत?

बायको : वाचली मी. आल्या आल्या.

शिंपी : वाचलीस? आणि मूग गिळून बसलीस? मी दारात घसा कोरडा करून माझ्याच पायावर धोंडा पाडत होतो आणि तू बघत उभी होतीस? काय बाई आहेस गं तू!

इंजिनिअर : काका, चिडू नका. गैरसमज झालाय, तर अजून वेळ आहे. कुलूप लावायला मी थांबते. लोकांना बोलवा, लाल काढून निळी लावू द्या. प्रत्येकाने आपापली बदलायची, एवढंच.

शिंपी : हे मात्र सरळ बोललात. आत्ता करतो फोन. हॅलो... हॅलो, अरे इस्त्रीवाल्या, दुकान बंद केलंस का? नाही ना? मग असं कर...

बायको : फोन ठेवा.

शिंपी : एक मिनिट रे. काय?

बायको : ठेवा फोन. आधी माझं ऐका, मग हवं तर सगळ्या गावाला बोलवा.

शिंपी : तुला करतो रे मागाहून. बोल. पण एक सांग, यांनी काय कबूल केलंय तुला? नवीन गाळा? तुझ्या भावाने लावून दिलंय ना हे? तो पहिल्यापासून त्या दुकानावर डोळा ठेवून आहे.

बायको : माझा भाऊ नाही, गाळा नाही, काही नाही. आपल्या धाकट्या लेकीसाठी गप्प बसले.

शिंपी : तिचं इथे काय काढतेस?

बायको : मग कुठे काढू? घरी काढलं की तुम्ही मशीन जोरात चालवता. डॉक्टर म्हणतात तिला चालवा. काठी घेऊन चालते की ती, वरच्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खाली उतरवली की दारातच गाडीचं चाक. ब्रेकचा आवाज आला की माझा हात असा घट्ट धरते, की वळ उठतात.

शिंपी : त्या ड्रायव्हरला फाशी द्यायला हवी होती. दारू पिऊन गाडी चालवतात मेले.

बायको : प्यायलेला नव्हता तो.

शिंपी : प्यायलेला होता!

बायको : तुम्ही ठरवलंत तसं. पोलिसांनी तपासलं होतं. दवाखान्यात तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा तो आला होता. माझ्या पायाशी बसून रडला. म्हणाला, ‘मावशी, मला कोट घातलेला पुतळा दिसला. मुलगी दिसलीच नाही.’

शिंपी : कुठला पुतळा?

बायको : आपल्या ओट्यावरचं काचेचं कपाट. त्यातला पुतळा. ती त्याच्या आडून रस्त्यावर उतरली.

शिंपी : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बायको : कसं सांगणार? सासऱ्यांनी आणलेलं कपाट. रोज सकाळी तुम्ही स्वतःच्या हाताने त्याची काच पुसता. मी रोज बघते आणि रोज सांगायचं ठरवते.

इंजिनिअर : मी... मी बाहेर थांबू का?

बायको : थांबा बाई इथेच. तुमच्यापुढे तरी हे ओरडणार नाहीत.

शिंपी : ओरडत नाहीये मी. ओटा गेला तर मशीन कुठे ठेवू?

बायको : आत. खिडकीशी. उजेड कमी पडेल, मी दोरा ओवून देईन. आत्ताही मीच ओवते.

शिंपी : लोक म्हणतील, शिंप्याने स्वतः ओटा घालवला. हसतील मला.

बायको : हसू दे की. मीही हसणार आहे. दारात काय रुबाबात उभे होतात!

इंजिनिअर : काका, शिपाई किल्ली घेऊन आला. घाई नाही, पण इस्त्रीवाल्यांना बोलावणार असाल तर...

शिंपी : नको. त्याला सकाळी सांगेन काय ते. तू लावलीस का गं?

बायको : लावली. तुमच्या गर्दीत नाही, जरा खाली. ती जिथे पडली होती तिथे.

शिंपी : एकच?

बायको : हो. बाकीच्या परत दिल्या.

शिंपी : ही घे, खिशातली. नको, थांब, मीच लावतो. तू फक्त बोट ठेव तिथे. चष्मा नाहीये माझ्याकडे.